वाळूतले इंधन

खेडोपाडी वीज येण्याच्या आधी आपल्या खानदेशात रात्रीचा मोठा उजेड म्हणजे गॅसबत्ती. लग्नाची वरात असो, कीर्तनाचा मांडव असो की यात्रेतला तमाशाचा फड असो, बत्तीवाला आल्याशिवाय शोभा नाही. टाकीत रॉकेल भरायचे, पंप मारायचा आणि काचेच्या आत टांगलेल्या जाळीला काडी लावायची. ही जाळी, जिला बाजारात 'मेंटल' म्हणत, पहिल्यांदा पेटवली की तिचे सूत जळून जाई आणि मागे राही ती राखेची इवलीशी पिशवी. उजेड द्यायची ती ही राखच! बोट लागले की भुगा. पण न विस्कटता राहिली तर निळसर ज्योतीत पांढरीशुभ्र तळपत राही.

ती राख थोरियम नावाच्या धातूची होती. जाळीचे सूत थोरियमच्या क्षारात भिजवून सुकवीत. सूत जळाले की थोरियमचे भस्म उरे. नव्याण्णव भाग थोरियम आणि एक भाग सेरियम हे जाळीचे प्रमाण ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये बसवले, आणि पुढे कितीतरी वर्षे जगभरच्या बत्त्या त्याच प्रमाणावर जळत राहिल्या.

आता प्रश्न असा की, जे थोरियम बत्तीच्या जाळीत उजळले तेच अणुभट्टीत घालून वीज काढता येईल काय? अणुभट्टीचे नेहमीचे इंधन म्हणजे युरेनियम. थोरियम हे आडवाटेचे इंधन. आपल्या शाळांमधून मुलांना शिकवले जाते की भारतात युरेनियम थोडे, थोरियम मात्र विपुल, म्हणून पुढची कित्येक शतके विजेची चिंता नाही. मुले हे वाक्य पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. दुसरीकडे असेही म्हणणारे भेटतात की, सत्तर वर्षे थोरियम थोरियम ऐकतो आहोत, एक दिवा तरी लागला का? ही सगळी थाप आहे. माझ्या मते दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस. पदार्थविज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण ह्या प्रश्नाचा इतिहास सांगता येतो, आणि त्या इतिहासाचा एक तुकडा तर आपल्याच तापीच्या काठावर घडला आहे.

सुरुवात दूर नॉर्वेत होते. १८२८ साली तिथल्या एका बेटावर सापडलेला काळा दगड स्वीडनच्या बर्झेलियस या शास्त्रज्ञाकडे तपासणीस आला. त्यात नवे मूलद्रव्य निघाले. आपल्याकडे जसा वज्रधारी इंद्र, तसा त्या लोकांचा मेघगर्जनेचा देव थोर. त्याच्या नावावरून थोरियम. बारसे झाले, पण पुढे साठेक वर्षे या बाळाला काही काम मिळाले नाही. बत्तीच्या जाळीने ते दिले, आणि मग युरोपातले कारखानदार थोरियमच्या शोधाला लागले.

ते सापडले एका विलक्षण रीतीने. केरळातून जर्मनीला काथ्या जात असे. १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाच्या ध्यानात आले की या काथ्याला चिकटून आलेल्या वाळूत मोनाझाइटचे पिवळसर कण आहेत. मोनाझाइट म्हणजे थोरियम पोटात बाळगणारे खनिज. आपल्याकडच्या मोनाझाइटमध्ये शेकडा आठ ते दहा भाग थोरियमचे भस्म असते. काथ्याचा माग काढीत तो माणूस थेट त्रावणकोर संस्थानात पोहोचला आणि कन्याकुमारीजवळ मनवळकुरिची येथे त्याने वाळू चाळण्याचे काम सुरू केले. पाहा, आमचा माल परदेशी गेला आणि त्याला चिकटलेल्या धुळीची किंमत परक्याने ओळखली! पुढे १९१४ चे महायुद्ध पेटले आणि जर्मनांचा हा धंदा इंग्रजांच्या हाती गेला. वाळू मात्र जहाजांत भरून जातच राहिली.

ही वाळू तिथे आली कशी, हेही सांगतो, कारण शेतकऱ्याला ते चटकन कळेल. डोंगरातला खडक झिजतो, नद्या त्याचे कण समुद्रात नेतात आणि लाटा ते पुन्हा किनाऱ्यावर फेकतात. हलके कण लाटेबरोबर परत जातात, जड कण मागे राहतात. सुपात धान्य पाखडावे तसे हे समुद्राचे पाखडणे हजारो वर्षे चालले आहे. केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि ओरिसाच्या किनाऱ्यांवर ही जड वाळू साठलेली आहे. तिच्यातल्या थोरियमचा अंदाज आज सुमारे दहा लाख टनांचा सांगतात.

१८९८ मध्ये गेरहार्ड श्मिट आणि मेरी क्युरी यांनी वेगवेगळे काम करून दाखवले की थोरियममधूनही युरेनियमसारखे अदृश्य किरण बाहेर पडतात. किरणोत्सर्ग म्हटले की लोक दचकतात. पण थोडासा किरणोत्सर्ग आपल्या रावेर-यावलच्या केळ्यातही आहे. केळ्यातल्या पोटॅशियमचा एक अत्यल्प अंश तसा असतो. म्हणून कोणी केळे खायचे सोडत नाही. प्रश्न नेहमी 'किती' याचा असतो.

खरी कलाटणी मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. १९३८ च्या अखेरीस जर्मनीत युरेनियमचा अणू फोडण्यात यश आले होते. त्यानंतर १९४१-४२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे ग्लेन सीबोर्ग आणि त्याचे सहकारी यांनी थोरियमवर न्यूट्रॉन या कणांचा मारा केला आणि त्यातून युरेनियमचा एक नवाच प्रकार मिळवला. त्याला युरेनियम-२३३ म्हणतात. निसर्गात तो सापडत नाही म्हटले तरी चालेल. पण तो अणुभट्टीत उत्तम फुटतो.

इथे थोडे विज्ञान पोटात घातले पाहिजे, नाहीतर पुढचा इतिहास कळायचा नाही. थोरियम आपण होऊन पेटत नाही. ते दुधासारखे आहे. दूध कितीही ओतलेत, हंडे भरलेत, तरी त्याचे दही आपोआप लागत नाही. त्याला विरजण लागते. अणुभट्टीतले विरजण म्हणजे फुटणारा पदार्थ: युरेनियम-२३५, प्लुटोनियम किंवा युरेनियम-२३३. हे विरजण फुटते तेव्हा न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यातला एखादा थोरियमच्या अणूने गिळला की, त्याचे साधारण २२ मिनिटांत अर्ध्याने रूप पालटून प्रोटॅक्टिनियम होते, आणि त्या प्रोटॅक्टिनियमचे २७ दिवसांत अर्धे युरेनियम-२३३ होते. म्हणजे दुधाचे दही झाले, आणि तेच दही उद्याचे विरजण. फरक एवढाच की घरात विरजण खर्ची पडत नाही. भट्टीत ते आधी जळते. जितके जळले त्याहून अधिक तयार झाले तरच पुढचा हंडा लावता येतो. थोरियमचा सगळा इतिहास या एका वाक्यात अडकलेला आहे.

आणि विरजण घरात नसेल तर काय करतात? शेजारणीकडे वाटी घेऊन जातात. शेजारीण देते, किंवा देत नाही.

युद्ध संपताच त्रावणकोरच्या वाळूला सोन्याचे मोल आले. संस्थानचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर हे हुशार गृहस्थ. ११ जून १९४७ रोजी त्यांनी जाहीर केले की इंग्रज गेल्यावर त्रावणकोर स्वतंत्र राहील. त्यांच्या हातात जे पत्ते होते, त्यांत मोनाझाइट हा एक मोठा पत्ता होता. २५ जुलैला त्यांच्यावर सुरीहल्ला झाला, ते जखमी झाले, आणि महिना संपायच्या आत संस्थानने भारतात सामील होण्याचे कबूल केले. संस्थानांच्या विलीनीकरणाचा धडा शिकवताना आपण हैदराबाद आणि जुनागड सांगतो. त्रावणकोरच्या वाळूचेही दोन शब्द शिक्षकांनी सांगावेत असे मला वाटते.

१९५१ चा प्रसंग तर अधिक बोलका आहे. देशात धान्याची टंचाई होती. आपण अमेरिकेकडे वीस लाख टन गहू मागितला. तिथल्या काँग्रेसमध्ये चर्चा सुरू झाली आणि काही सभासद म्हणू लागले की गव्हाच्या बदल्यात हिंदुस्थानने मोनाझाइट द्यावे. त्याची निर्यात आपण बंद केली होती. पंडित नेहरूंनी ते धोरण सोडले नाही. शेवटी गहू मिळाला, पण कर्जाऊ. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवसांत केरळच्या वाळूची काय पर्वा असणार? पण भुकेल्या देशाने वाळू हातची सोडली नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

एव्हाना या वाळूची निगा ठेवणारी माणसे तयार झाली होती. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग स्थापन झाला. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली आणि आलवाय येथे तिचा कारखाना १९५२ मध्ये मोनाझाइट शुद्ध करू लागला. १९५५ मध्ये मुंबईला तुर्भ्यात, म्हणजे ट्रॉम्बेला, थोरियमचा कारखाना सुरू झाला. त्याचे गिऱ्हाईक कोण, तर मुख्यतः बत्तीच्या जाळ्या करणारे!

नोव्हेंबर १९५४ मध्ये दिल्लीच्या एका परिषदेत भाभांनी आपला आराखडा मांडला. त्यांचा हिशेब सरळ होता. थोरियम पाच लाख टनांच्या वर. युरेनियम त्याच्या एक दशांशाहूनही कमी. तेव्हा युरेनियमचे विरजण जपून वापरायचे. पहिल्या टप्प्यात साधे युरेनियम जड पाण्याच्या भट्ट्यांत घालायचे. साध्या युरेनियमच्या हजार अणूंत फुटणारे अणू सातच असतात. ते वीज देतील आणि बाकीच्यांतले काही प्लुटोनियम होतील. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम वेगवान भट्ट्यांत घालायचे. या भट्ट्यांचा गुण असा की त्या जाळतात त्याहून अधिक विरजण तयार करतात. सभोवती थोरियम ठेवले की त्याचे युरेनियम-२३३ होईल. ते पुरेसे साठले म्हणजे तिसरा टप्पा, थोरियम आणि युरेनियम-२३३ यांच्यावर चालणाऱ्या भट्ट्या. मधली पायरी गाळून तिसरीवर उडी मारता येत नाही, कारण एवढ्या दुधाला पुरेल इतके विरजण आपल्याजवळ नाही. शाळेच्या पुस्तकात दुधाचा उल्लेख असतो, विरजणाचा नसतो. माझी तक्रार आहे ती एवढीच.

पहिली वर्षे उत्साहाची होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही भट्टी चालू झाली. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने बांधलेली 'सिरस' सुरू झाली. तिच्यात थोरियमच्या कांड्या ठेवून युरेनियम-२३३ मिळवण्याचे काम पुढे चालले. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान युरोपात माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्यांचे वय ५६ होते. १९६९ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात तारापूरचे वीजकेंद्र उभे राहिले.

मग १८ मे १९७४ ला पोखरण झाले, आणि शेजारणींनी दारे लावून घेतली. कॅनडाने मदत थांबवली. तारापूरसाठी अमेरिकेतून येणारे युरेनियम पुढे बंद पडले. काही काळ ते फ्रान्सने दिले, आणि नव्वदीच्या दशकात त्याचीही अडचण झाली तेव्हा प्लुटोनियम मिसळलेले इंधन इथेच तयार करून तारापूरच्या भट्टीत काही प्रमाणात वापरले गेले. हेही आडवाटेचे इंधनच. गरज पडली की माणूस आडवाटही काढतो. जगाशी हा अबोला २००८ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे चालला. १९८४ मध्ये ठरवले होते की सन २००० पर्यंत अणुवीज दहा हजार मेगावॅट करायची. सन २००० उजाडले तेव्हा ती तीन हजारांच्याही आतच होती. २०२४ मध्ये ती आठ हजारांच्या थोडी वर गेली. पहिलाच टप्पा लांबला. मग दुसऱ्याला आणि तिसऱ्याला उशीर होणार हे उघड आहे.

आता तापीवर येऊ.

मुलताईला उगवलेली तापी बऱ्हाणपूरकडून आपल्या जळगाव जिल्ह्यात शिरते. चांगदेवाला पूर्णा तिला मिळते, पुढे गिरणा येते, धुळ्याची पांझरा येते. शिरपूर आणि शिंदखेडे यांच्या मधून, प्रकाशाच्या घाटावरून ती गुजरातेत जाते आणि उकाईच्या जलाशयात स्थिरावते. सुरत पॅसेंजरने जाणाऱ्यांना नवापूर सोडल्यावर सोनगड आणि मग व्यारा ही स्टेशने माहीत आहेत. त्या व्याऱ्याच्या जवळ काक्रापारचे अणुवीजकेंद्र आहे. काक्रापारच्या बंधाऱ्यातून कालव्याने मोतीचेर तळ्यात पाणी येते आणि केंद्राच्या यंत्रांची उष्णता वाहून नेण्यास ते लागते. आपल्या शेताच्या बांधावरून वाहून गेलेले पावसाचे पाणी तिथे कामाला येते. तिथली वीज पश्चिमेकडच्या राज्यांच्या सामाईक जाळ्यात पडते आणि तिचा वाटा महाराष्ट्रालाही आहे.

काक्रापारची पहिली भट्टी ३ सप्टेंबर १९९२ रोजी प्रथम पेटली आणि मे १९९३ पासून रीतसर वीज देऊ लागली. तिच्या पोटात ३०६ नळ्या आहेत आणि प्रत्येक नळीत इंधनाच्या बारा जुड्या. कडब्याच्या पेंढीसारख्या, बारीक कांड्या एकत्र बांधलेल्या, अशा या जुड्या एकूण ३,६७२ होतात. त्यांपैकी ३५ जुड्या थोरियमच्या होत्या.

का बरे? याचे उत्तर चुलीपाशी मिळते. तव्यावर कळण्याची भाकरी टाकली आणि जाळ नुसता मधोमध लागला, तर मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. भट्टीचेही तसेच आहे. सगळे इंधन नवे कोरे असते तेव्हा मधला भाग फार तापतो. तो करपू नये म्हणून सारी भट्टी मंद चालवावी, तर पूर्ण वीज मिळत नाही. पुढे जुन्या-नव्या जुड्यांची सरमिसळ झाली की जाळ आपोआप सारखा होतो. अडचण फक्त सुरुवातीची. म्हणून पहिल्या भरणीत काही जागी न्यूट्रॉन खाऊन टाकणाऱ्या जुड्या ठेवतात. आधीच्या भट्ट्यांत त्या निकस युरेनियमच्या असत. काक्रापारला त्यांच्या जागी थोरियमच्या ठेवल्या. त्यांनी मधला जाळ सपाट केला, भट्टी पहिल्यापासून पूर्ण शक्तीने चालू शकली, आणि न्यूट्रॉन गिळता गिळता त्या जुड्यांत युरेनियम-२३३ तयार होऊन त्याचाही काही भाग तिथेच फुटून वीज देऊन गेला. नेमक्या कोणत्या ३५ जागी या जुड्या ठेवायच्या, हा हिशेब सोपा नव्हता. तो करणाऱ्यांत के. बालकृष्णन होते आणि अनिल काकोडकर होते.

काकोडकर हे नाव आपल्याला परके नाही. त्यांचा जन्म १९४३ चा, बडवानीचा. म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण बडवानी आणि खरगोणला, मग मुंबई. १९६४ मध्ये ते ट्रॉम्बेत रुजू झाले आणि २००० ते २००९ या काळात अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष होते. सातपुड्याच्या कुशीतल्या शाळांतून शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे.

काक्रापारच्या या प्रयोगाने सिद्ध काय झाले? थोरियमच्या जुड्या खऱ्याखुऱ्या वीजकेंद्रात, प्रयोगशाळेबाहेर, सुखरूप टिकल्या. १९९५ पर्यंत पहिली भट्टी या इंधनासह सुमारे तीनशे दिवस आणि दुसरी सुमारे शंभर दिवस पूर्ण शक्तीने चालली होती. नंतर कैगा आणि रावतभाटा येथेही अशा जुड्या वापरल्या. पण हेही विसरू नये की ३,६७२ मध्ये ३५, म्हणजे शंभरात एकही पुरती नाही. भाकरीला लावलेल्या मिठाला कोणी भाकरी म्हणत नाही. काक्रापार थोरियमवर चालते असे जे कोणी सांगतात ते अतिशयोक्ती करतात.

काक्रापारची कथा नुसती कौतुकाचीही नाही. जून १९९४ मध्ये अतिवृष्टी झाली, मोतीचेर तळे फुगले आणि पाणी केंद्राच्या यंत्रघरात शिरले. मार्च २०१६ मध्ये पहिल्या भट्टीच्या एका नळीतून जड पाणी गळले आणि ती भट्टी दीर्घकाळ बंद ठेवावी लागली. तापीच्या पुराचा हिसका काय असतो ते आपल्याकडच्या नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. इंधन कोणतेही असो, नदी आपल्या मर्जीने चालते.

निव्वळ युरेनियम-२३३ वर चालणारी भट्टीही आपल्याकडे आहे. मद्रासजवळ कल्पाक्कम येथे 'कामिनी' नावाची छोटी भट्टी २९ ऑक्टोबर १९९६ रोजी चालू झाली. तिच्यात थोरियमपासून मिळवलेले युरेनियम-२३३ अवघे सहाशे ग्रॅमच्या आसपास आहे, आणि तिची शक्ती ३० किलोवॅट. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या आठ मोटारींइतकी म्हणा ना. तीही उष्णतेच्या रूपात. वीज काढण्यासाठी ती नाहीच. यंत्राच्या भागांची न्यूट्रॉनने छायाचित्रे घेण्यासाठी आहे. पण दुधाचे दही लागले आणि त्या दह्याने पुढचे काम केले, हे तिने दाखवले.

मग घोडे अडले कुठे? एक अडचण घातक किरणांची आहे. युरेनियम-२३३ बरोबर युरेनियम-२३२ चा अंश येतो आणि त्याच्या संततीतून फार भेदक किरण निघतात. म्हणून या इंधनाच्या कांड्या माणसाने हाताने भरता येत नाहीत. जाड भिंतींच्या आडून यंत्रांच्या हातांनी सारे करावे लागते. ते महाग पडते. थोरियमच्या भस्माचा गुण असा की ते सुमारे ३,३०० अंशांपर्यंत वितळत नाही. बत्तीच्या ज्योतीत ते तगले ते उगीच नव्हे. पण हाच गुण ते विरघळवून युरेनियम-२३३ वेगळे काढताना आडवा येतो.

दुसरी आणि मोठी अडचण विरजणाचीच. अमेरिकेने शिपिंगपोर्ट येथे १९७७ ते १९८२ अशी पाच वर्षे थोरियम आणि युरेनियम-२३३ यांच्यावर वीजकेंद्र चालवून पाहिले. शेवटी मोजले तेव्हा विरजण मूळच्यापेक्षा एका टक्क्याहून थोडे अधिक भरले. म्हणजे जमते, पण वाढ नावापुरती. शंभर रुपयांवर पाच वर्षांत सव्वा रुपया व्याज मिळाले तर त्या भांडवलावर दुसरे दुकान कधी निघणार? जर्मनीनेही थोरियमची भट्टी बांधली आणि १९८९ मध्ये बंद केली. त्या देशांना युरेनियम स्वस्तात मिळत होते. त्यांनी हा नाद सोडला यात नवल नाही. आपल्याला तशी मोकळीक नव्हती. म्हणून वेगवान भट्टीची मधली पायरी चुकवता येत नाही, कारण विरजण भराभर वाढते ते तिच्यातच. कल्पाक्कमला अशी छोटी भट्टी १९८५ मध्ये चालू झाली. पाचशे मेगावॅटच्या मोठ्या भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये निघाले, आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. वीस वर्षे! त्या भट्टीत पाण्याऐवजी वितळलेला सोडियम धातू फिरतो, जो हवेत पेटतो आणि पाण्याशी भडकतो. अशा यंत्राला घाई करणे बरे नव्हे, हे मान्य. तरीही वीस वर्षे फार झाली असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मधल्या काळात चीनने वेगळी वाट धरली. अमेरिकेत ओक रिज येथे १९६५ ते १९६९ मध्ये वितळलेल्या क्षारात इंधन मिसळून एक भट्टी चालवली होती. १९६८ मध्ये तिने युरेनियम-२३३ वरही काम केले. अमेरिकेने ती कल्पना गुंडाळून ठेवली. चीनने ती उचलून गान्सू प्रांतात दोन मेगावॅटची तशी भट्टी बांधली आणि २०२३ मध्ये पेटवली. २०२४ मध्ये तिच्यात थोरियम घातले गेले. तीही छोटीच आहे, पण आपण ज्या विषयात स्वतःला जाणते समजत होतो त्यात दुसरा कोणी पुढे जातो आहे याची खंत ट्रॉम्बेच्या लोकांना वाटली असेल तर ती रास्त आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. भुसावळच्या दीपनगरला कोळशाच्या मालगाड्या येताना आपण पाहतो. युरेनियम-२३३ एक किलो पूर्णपणे फुटले तर अडीच-तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता देते; म्हणजे जवळजवळ एक अख्खी मालगाडी पिशवीत मावली. साक्रीकडे २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. सूर्य आणि वारा हे आपल्या धुळे जिल्ह्याचे खरे धन, आणि ते आधी वापरावे असेच माझे मत आहे. पण रात्री सूर्य नसतो आणि वारा हंगामी असतो. रात्रपाळीला पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायची गरज नाही.

राहता राहिली भट्टीतून बाहेर काढलेल्या थोरियमच्या जुड्यांची गोष्ट. त्या फेकून दिल्या नाहीत. त्यांच्यात थोडेथोडे युरेनियम-२३३ तयार झालेले असते. अशा जुड्या कापून, तीव्र आम्लात विरघळवून ते वेगळे काढण्यासाठी ट्रॉम्बेला एक खास कारखाना उभारला आहे. जाड भिंतींच्या आत यंत्रांचे हात जुडी उचलतात, तिच्या कांड्या तुकडे तुकडे करून आम्लात सोडतात, आणि दुसऱ्या टोकाला विरजण ग्रॅम-ग्रॅमने जमा होते.